जुनी छोटी मालवाहू गाडी घेण्यापूर्वी



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगाव दोन बोलणी सुरू होतात. एक सोयरिकीची आणि दुसरी गाडीची. सोयरिकीत आपण चार पिढ्यांची चौकशी करतो, मुलाचे घर दोनदा पाहून येतो. गाडीचे मात्र संध्याकाळी चहाच्या टपरीवर ठरते आणि रात्री विसार देऊन मोकळे होतो. नवीन गाडी असेल तर एक वेळ चालून जाते, कारण तिच्यामागे कंपनीची हमी असते. दहा-बारा वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली राबलेली पिकअप घेताना हमी कोणाचीच नसते. तिथे आपले डोळे, कान आणि एक ओळखीचा मिस्त्री एवढाच आधार. म्हणून हा लेख.

प्रथम गाडी कशासाठी हवी ते कागदावर लिहून काढावे. ऊस कारखान्यावर आणण्याचे काम या गाडीचे नव्हे, ते ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाडीचे. आपल्याला ती लागते खताच्या गोण्या, भाजीपाला, दुधाचे कॅन, वैरण, मोटार दुरुस्तीला नेणे-आणणे अशा कामांना. आता हिशेब पाहा. आपण जिला छोटा हत्ती म्हणतो ती टाटा एस गाडी मे २००५ मध्ये बाजारात आली. तिची मूळ भारक्षमता सुमारे ७५० किलोची. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, म्हणजे १६ गोण्या झाल्या की गाडी भरली. एका एकराचे दोन डोळ्यांचे बेणे दोन-तीन टन भरते, म्हणजे नियमाने तीन-चार खेपा. हे ज्याला कमी वाटते त्याने बोलेरो पिकअपसारखी मोठी गाडी बघावी. छोट्या गाडीला वरून फळ्या ठोकून दीड टन भरायचे आणि मग गाडीत दम नाही म्हणायचे, यात गाडीची चूक नाही.

छोट्या हत्तीचे इंजिन दोन सिलिंडरचे, ७०२ सीसीचे. इंडिका मोटारीच्या १४०५ सीसी डिझेल इंजिनाचा जणू अर्धा भाग घेऊन ते बनवले. शक्ती १६ हॉर्सपॉवर. एवढ्या शक्तीचे इंजिन वर्षानुवर्षे दुप्पट ओझे ओढत राहिले तर आतून काय झाले असेल याचा अंदाज शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. बैलाचे वय दातावरून कळते, पण तो कोणाच्या दावणीला होता हेही आपण विचारतो. गाडीचेही तसेच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न, गाडी कुठे राबली? दुधाच्या लाइनवर चाललेली गाडी किलोमीटर जास्त दाखवते, पण रोज ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या ओझ्याने चाललेली असते. अशी गाडी पुष्कळदा बरी निघते. वाळू, मुरूम, विटा यांवर चाललेल्या गाडीपासून चार हात लांब राहावे, मग तिचा मीटर कितीही कमी दाखवो. किनारपट्टीवरून आलेली, मासळी वाहिलेली गाडी असेल तर खाली झोपूनच पाहावी. बर्फाचे खारे पाणी हौद्यातून गळून चेसीवर पडते आणि वरून रंग मारला तरी आतून पत्रा खात राहते. खताच्या गोण्यांचेही तेच. फाटक्या गोणीतले खत हौद्याच्या कोपऱ्यात साठते, त्याला ओल लागली की पत्र्याची चाळण होते. हौद्यात नवीन पत्रा किंवा रबर अंथरलेले दिसले तर ते उचलून बघितल्याशिवाय पुढचे बोलू नये.

आपल्या भागाला आणखी एक धोका आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले. त्यातल्या पुष्कळ धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. पाण्यातली गाडी ओळखायची तर सीटच्या खाली, सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्या पट्ट्यांवर गंज आहे का पाहा. हेडलाइटच्या काचेच्या आत गाळाची रेघ राहते, दाराच्या आतल्या कप्प्यात माती सापडते, वायरिंगचे सॉकेट हिरवट पडलेले असते. धुणाऱ्याचा हात तिथवर सहसा पोहोचत नाही.

गाडी पाहायला जाताना सकाळी, न सांगता जावे. सांगून गेलात तर विकणारा गाडी आधीच सुरू करून ठेवतो. एका सभासदाबरोबर आम्ही स्वतः गेलो होतो. मालक म्हणाला, "पावणं, गाडी एक नंबर हाय, अर्ध्या सेलात उठती." आम्ही बॉनेट म्हणून सीट उचलली, कारण छोट्या हत्तीचे इंजिन सीटखालीच असते, आणि इंजिनाला हात लावला तर चटका बसला. म्हटले, मालक, चहा घेऊ, तासाभराने बघू. चहा झाला, दुसरा चहा झाला. गार झालेली गाडी मग उठेना. शेवटी चौघांनी ढकलून सुरू केली.

गार इंजिनावर आधी रेडिएटरचे झाकण उघडावे. (गरम असताना उघडू नये, तोंड भाजते.) पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा तेल भरायच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखा पांढरट थर असेल, तर पाणी आणि तेल एक होत आहे. हेडचे गॅस्केट तरी गेले आहे किंवा हेडला तडा आहे. अशी गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी ती स्वस्त नव्हे. सुरू केल्यावर धूर पाहावा. पहिल्या क्षणी थोडा धूर निघणे डिझेल गाडीला साहजिक आहे. पण इंजिन गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल खाते, रिंग-पिस्टन झिजले. काळा धूर ओझ्यावर येत असेल तर एअर फिल्टर, नोझल किंवा पंप पाहावा लागेल. हे काम तुलनेने थोडक्यात भागू शकते. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल तर वरचीच हेडची गोष्ट. चालू इंजिनावर तेलाचे झाकण सैल करून पाहा. थोडी वाफ चालेल. भसाभसा धूर बाहेर पडून झाकण उडायला लागले तर इंजिन बांधायला आले म्हणून समजा आणि त्याचा खर्च किमतीतून वळता करा.

इंजिनापेक्षाही आम्ही खालच्या बाजूला जास्त महत्त्व देतो. इंजिन बांधता येते, पण वाकलेली चेसी सरळ करून घेतली तरी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. खाली पोते अंथरून झोपावे आणि बॅटरीच्या उजेडात पाटे जिथे चेसीला अडकवलेले असतात तिथे तडा, वेल्डिंगचे ठिगळ किंवा ताजा काळा रंग आहे का पाहावा. पाट्यांची पाने मोजावीत. दोन्ही बाजूंची संख्या सारखी हवी आणि मूळ पानांपेक्षा जास्त असतील तर मालकाने ओझे किती भरले याची ती पावतीच आहे. रिकामी गाडी एका कुशीवर कललेली दिसली तर पाटा बसला. जॅकवर पुढचे चाक उचलून वरून-खालून धरून हलवावे. टकटक वाजले तर किंगपिन किंवा बेअरिंगला काम आहे. टायरची एकच कड खाल्लेली असेल तर तेही त्याचेच लक्षण. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, उदाहरणार्थ २२१९, म्हणजे २०१९ सालातला बावीसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी पण टायर आठ वर्षांचा असेल तर ते रबर ओझ्यावर फुटते. चार टायर आणि बॅटरी यांचा आजचा भाव दुकानात विचारून मगच सौद्याला बसावे.

रिकामी गाडी चालवून पाहणे म्हणजे गाभण नसलेल्या म्हशीच्या दुधाचा अंदाज करण्यासारखे आहे. दहा-बारा गोण्या भरून, जवळपास चढ असेल तिथे न्यावी. चढावर तिसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, तर क्लच घसरतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटतो, तर गिअरबॉक्स उघडावी लागेल. गाडी उचलताना खालून ठक् असा आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस गेला, हे काम किरकोळ. ठराविक वेगाला मागून घूं घूं असा आवाज येत राहिला तर क्राउन-पिनियन, हे काम किरकोळ नाही. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का, तेही पाहावे. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर, गिअरची मूठ, स्टिअरिंगची घासलेली जागा यांना खोटे बोलता येत नाही.

एवढे सगळे झाले की कागद. खरे म्हणजे फसवणूक इथेच जास्त होते. आपल्याच भागातल्या एका सभासदाने पिकअप घेतली. स्टॅम्पपेपरवर करार केला, नोटरी केली, पैसे रोख दिले. पुस्तकावर नाव चढवायचे "सवडीने बघू" म्हणून राहिले. दीड वर्षाने कर्ज देणाऱ्या कंपनीची माणसे आली आणि हप्ते थकले म्हणून रानातून गाडी ओढून घेऊन गेली. आधीच्या मालकाने कर्ज फेडलेलेच नव्हते आणि तो गाव सोडून गेला होता. पैसे गेले, गाडी गेली, वर त्या वर्षी टोमॅटोचा माल दुसऱ्याच्या गाडीने भाडे देऊन न्यावा लागला.

म्हणून आर.सी. बुक हातात घेऊन कर्जाचा बोजा आहे का ते पाहावे. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याखेरीज विसारापलीकडे रुपया देऊ नये. चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरचे आणि बुकातले अक्षर-अक्षर ताडून पाहावेत. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या मुदती दिसतात. घरात कॉलेजला जाणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यांच्याकडून हे दोन मिनिटांत होते. थकलेले ई-चलन पाहायला विसरू नका, जुना दंड गाडीबरोबर तुमच्या दारात येतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेस करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण करही आहे. गाडी जितकी म्हातारी तितकी फिटनेसची फीही जास्त, हा खर्च वर्षाच्या हिशेबात धरावा. फिटनेस संपलेली गाडी "पासिंग तेवढं करून घ्या" म्हणून स्वस्तात देऊ करतात. ते पासिंग विकणाऱ्यानेच करून द्यावे असा आग्रह धरावा. होत नसेल तर का होत नाही ते लगेच कळते.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. आपल्यातले जे जुनी गाडी विकतात त्यांनीही हे वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाला त्या दिवशी पुस्तकावर ज्याचे नाव, कायद्याने मालक तोच, मग गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. भरपाईची नोटीस त्याच्याच घरी येते. घेणाऱ्यानेही विमा १४ दिवसांच्या आत अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यावा. समोरच्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा पैसा नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. परवान्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. तसेच एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळे परमिट लागत नाही. जादा माल भरल्यास मात्र मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहेत. एका खेपेचे भाडे वाचवायला जाऊन हंगामाची कमाई नाक्यावर ठेवायची वेळ येते.

आता घ्यावी की न घ्यावी? वर्षात आपली गाडी किती दिवस चाकावर राहील ते प्रामाणिकपणे मोजा. समजा महिन्याला चारच खेपा असतील आणि एका खेपेचे भाडे १,००० रुपये पडत असेल, तर वर्षाचे ४८,००० झाले. दुसऱ्या बाजूला विमा, फिटनेस, कर, तेलपाणी, टायरचा वर्षाचा वाटा, एखादे मोठे काम आणि त्याच खेपांचे डिझेल मांडा. शिवाय गुंतवलेल्या रकमेचे व्याज. बेरीज भाड्याच्या जवळपास आली तर गाडी दुसऱ्याचीच बरी. रोज सकाळी भाजी मार्केट यार्डात जात असेल किंवा दुधाची लाइन हातात असेल तर गोष्ट निराळी. तिघा-चौघा भावकीत एक गाडी घेण्याची कल्पना चांगली वाटते, पण पुस्तकावर नाव एकाचेच येते आणि डिझेल कोणी भरायचे यावरून दिवाळीपर्यंत भांडण लागते, हे आम्ही दोन-तीन ठिकाणी पाहिले आहे.

गाडी ठरलीच तर पैसे शक्यतो बँकेतून द्या आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्या दिवशी सकाळच्या चलनाचे कोणी भरायचे हा वाद राहत नाही. घरी आणल्यावर हार-नारळ जरूर करा, पण दुसऱ्याच दिवशी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, गिअर आणि हाउसिंगचे तेल बदलून घ्या. ज्या किलोमीटरला बदलले तो आकडा खडूने नव्हे, रंगाने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.