प्लँक करताना श्वास रोखता का?

व्यायामशाळेत प्लँक सुरू झाला की अनेकांचे गाल फुगतात, चेहरा लाल होतो आणि श्वास बंद होतो. मिनिट कसेबसे भरते; पण पोट-पाठीच्या ज्या स्नायूंसाठी हा खटाटोप चालतो, त्यांना योग्य वळण लागतेच असे नाही.

‘कोअर’ म्हणजे केवळ पोटावर दिसणारे ‘सिक्स पॅक’ नव्हे. एखादा डबा डोळ्यांसमोर आणा. त्याचे झाकण म्हणजे श्वासपटल आणि तळ म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. कमरेला पट्ट्यासारखा वेढणारा पोटाचा सर्वांत आतला स्नायू आणि मणक्यांलगतचे लहान स्नायू या त्याच्या भिंती. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते आणि पोटातला दाब वाढतो. भिंती आणि तळ यांनी हा दाब नीट पेलला, तर कण्याला आतून आधार मिळतो. श्वास जोर लावून सोडताना पोटाचे स्नायू आपोआप आकसतात.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी काही जणांना झटकन हात वर करायला सांगितले. निरोगी व्यक्तींमध्ये हात हलण्याआधीच पोटाचा आतला स्नायू कामाला लागत होता. कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र तो उशिरा जागा होत होता. श्वासपटलही हालचालीपूर्वी असेच आकसते, हे हॉजेस यांच्या पुढच्या प्रयोगांत आढळले. श्वसनाची गरज मुद्दाम वाढवली, तेव्हा श्वासपटलाचे आधार देण्याचे काम मंदावले. शरीराच्या लेखी आधी श्वास, मग तोल. म्हणून धाप लागलेली असताना लगेच प्लँकला बसू नये.

सुरुवात अशी करा. गुडघे दुमडून उताणे झोपा. एक हात छातीवर, एक पोटावर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोट आणि खालच्या बरगड्या फुलू द्या. फुंकर घातल्यासारखा श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत ओढला जाईल. तो हलका ताण राखून पुढचा श्वास घ्या. हे जमले की श्वास सोडत एक पाय सरळ करा आणि श्वास घेत परत आणा. मग प्लँककडे वळा. प्लँकमध्ये मोठ्याने आकडे मोजता आले पाहिजेत. आवाज अडकला, पोट बाहेर ढकलले गेले किंवा कंबर खाली झुकली, की थांबा. श्वास न रोखता केलेले दहा सेकंद श्वास रोखून केलेल्या मिनिटापेक्षा बरे.

वजन उचलणारे खेळाडू क्षणभर श्वास रोखतात, ते जाणूनबुजून. त्या वेळी रक्तदाब एकदम चढतो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी आणि नुकतीच प्रसूती झालेल्या स्त्रियांनी तसे करू नये. व्यायामही डॉक्टर वा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच सुरू करावा. कंबरदुखीबरोबर पायात बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना गाठा.