बोटं मनगटावर, डोळे छातीवर

साताऱ्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवावंसं वाटेना. आई अ‍ॅडमिट असताना त्यांनी पाहिलं, की एक वयस्क सिस्टर बराच वेळ आईचं मनगट सोडतच नसत. ‘नाडीला एवढा वेळ लागतो का?’ असं त्यांनी विचारलंय.

नाडी केव्हाच मोजून झालेली असते. त्या सिस्टर श्वास मोजत होत्या. ‘श्वास मोजते हं’ म्हटलं, की माणसाचं लक्ष श्वासाकडे जातं आणि आकडा बदलतो. म्हणून बोटं मनगटावरच ठेवायची, पेशंटचा हात अलगद त्याच्या पोटावर ठेवायचा आणि छातीचा चढउतार पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते.

ताप, नाडी आणि श्वास नोंदवायच्या टीपीआर चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजाने भरला जातो तो श्वासाचाच रकाना. नाडी, ऑक्सिजन मशीन दाखवतं. श्वासासाठी वॉर्डात बहुधा कुणाला तरी कॉटपाशी उभंच राहावं लागतं.

माझ्या एका रात्रपाळीला आतड्याच्या ऑपरेशनचे, तिसऱ्या दिवसाचे एक काका होते. ताप नाही, बीपी ठीक, ऑक्सिजन ९७. श्वासाच्या रकान्यात संध्याकाळपासून १८, १८, १८. पाणी मागताना काका एवढ्याशा वाक्यात दोनदा थांबले. मी मोजलं, २८. पुन्हा मोजलं, २८. आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच न सांगता आकडा सांगितला. ते लगेच आले. आतड्याची शिवण सुटली होती; पहाटे काकांना पुन्हा थिएटरमध्ये नेलं. ते वाचले.

जंतुसंसर्ग अंगात भिनू लागला, की रक्तातलं आम्ल वाढतं. मग मेंदू श्वासाचा वेग वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लावतो. त्या जादा श्वासांमुळेच ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ छान दिसतो आणि आपण फसतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली पेशंटचा धोका ओळखायची गुणपद्धत काढली. तिच्यात मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत. २५ किंवा जास्त असतील तर थेट तीन, म्हणजे एका मापाला मिळू शकणारे सर्वाधिक. ८ किंवा कमी असले तरी तीनच. मॉर्फिनने श्वास मंदावू शकतो, म्हणून ते दिलेल्या पेशंटमध्ये मी याच टोकावर लक्ष ठेवून असते.

आपल्या गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला दायांच्या हाती एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी दिले. मोजणं मण्यांनी सोपं केलं. बाळाच्या छातीकडे बघायचं काम दाईचंच राहिलं.

नर्सिंगच्या अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली नर्सच्या निर्णयाच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी आहे लक्षात येणं. काकांचं अडखळणं कानांना खटकलं नसतं, तर मीही १८ लिहून पुढच्या कॉटकडे गेले असते. मोजावंसं वाटणं, हाच नर्सचा पहिला निर्णय.

तेव्हा सिस्टर मनगट धरून गप्प उभ्या दिसल्या, तर तेवढं एक मिनिट त्यांना काही विचारू नका. पेशंटलाही बोलतं करू नका.