बुडालेल्या जहाजाचं कवच

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफजवळ मार्च 1911 मध्ये चक्रीवादळात ‘योंगाला’ जहाज बुडालं. 122 जीव गेले. सपाट वाळूतल्या त्या 109 मीटर लांब पोलादी सांगाड्यावर प्रवाळ, स्पंज वाढले, त्यांच्या आसऱ्याला प्रचंड गोबरे मासे, कासवं, समुद्रसाप आले. हा जिवंत थर प्राणवायू अडवून गंजण्याचा वेग कमी करतो. पाणबुड्यांना आत शिरायची बंदी म्हणूनच मला रास्त वाटते: उच्छ्वासाचे बुडबुडे छताखाली साचले की तिथे गंज बळावतो. पोलाद शेवटी गंजणारच, मग अडवणूक कशाला, असं कुणी म्हणेल. पण सांगाडा लवकर ढासळला, तर उजाड वाळूतला हा आसराही लवकर जाईल. शिवाय ती माणसांची कबर आहे. आणि आत न गेल्याने पाणबुडे फारसं काही गमावतही नाहीत: प्रवाळांचा खरा बहर तर बाहेरच, वाहत्या पाण्याच्या तोंडावर आहे.