कमी वेगाची विद्या : ट्रायल्स मोटारसायकलींच्या सात दशकांचा मागोवा (१९४८–२०२०)

मोटारसायकलींच्या क्रीडाप्रकारांत ‘ऑब्झर्व्ह्ड ट्रायल्स’चे स्थान वेगळे आहे, कारण येथे सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला फारसा मान नसून खडक, ओढे, चढ आणि चिखल यांतून आखलेली अरुंद वाट पाय जमिनीला न टेकवता पार करणाऱ्याला विजेता मानतात. अशा प्रत्येक वाटेला ‘सेक्शन’ म्हणतात आणि तेथे उभा असलेला निरीक्षक स्वाराच्या चुका मोजतो. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक कितीही वेळा टेकला तर तीन, आणि गाडी पडली, हद्दीबाहेर गेली किंवा सेक्शन पार झालाच नाही तर पाच, असा सर्वसाधारण हिशेब असतो. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो. या साध्या नियमामुळे यंत्राकडून होणारी अपेक्षाच बदलते. माणसाच्या चालीइतक्या वेगात इंजिन बंद पडू नये, एखाद्या इंचाच्या हालचालीलाही क्लचने प्रतिसाद द्यावा आणि ओल्या दगडावरही मागच्या चाकाची पकड सुटू नये, एवढेच ट्रायल्सच्या गाडीकडून मागितले जाते. मात्र हे मागणे पुरे करण्यासाठी गाडीचा प्रत्येक भाग नव्याने तपासावा लागतो.

या खेळाची परंपरा ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सुरू होते. ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेचे मूळ १९०९ पर्यंत जाते, तर मोटारसायकल उत्पादक आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी सुरू केलेली यॉर्कशायरमधील ‘स्कॉट ट्रायल’ १९१४ पासूनची आहे. भारतीय वाचकाच्या दृष्टीने मात्र या इतिहासाचा खरा आरंभ १९४८ मध्ये होतो, कारण त्या वर्षी इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याने ३४६ सीसीच्या नव्या ‘बुलेट’चे नमुने कोलमोर ट्रायलमध्ये उतरवले. त्या नमुन्यांच्या मागच्या चाकाला ‘स्विंग आर्म’, म्हणजे चेसिसला बिजागरीने जोडलेली व शॉकअपवर तोललेली भुजा, बसवलेली होती. मागचे चाक चेसिसला ताठ जोडलेले असेल तरच चिखलात पकड मिळते, असा त्या काळी ट्रायल्समधील जाणकारांचा ठाम समज होता. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय स्पर्धेत बुलेटवरील स्वार विजयी ब्रिटिश संघात होते आणि त्यांनी सुवर्णपदके मिळवली. खाचखळग्यांतही चाक जमिनीला सतत चिकटून राहिले तर पकड वाढतेच, हे त्यानंतर हळूहळू सर्वमान्य झाले.

सान रेमोच्या त्या संघातील व्हिक ब्रिटन यांचे पुत्र जॉनी ब्रिटन यांनी पुढे रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. त्यांच्या यशामागे बुलेटच्या रचनेचे तीन गुण होते. पहिला, इंजिनाचा ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला, ज्यामुळे कमी फेऱ्यांतही ओढ टिकते. दुसरा, जड फ्लायव्हील, म्हणजे दोन स्फोटांमधील काळात गती साठवून ठेवणारे चक्र. तिसरा, इंजिनाच्याच कोठीत केलेली ऑइलची सोय, ज्यामुळे वेगळी टाकी व तिच्या नळ्या यांची गरज उरत नाही आणि दगडावर आपटून फुटण्याजोगे भाग कमी होतात. शहरी रस्त्यांवर संथ आणि भारदस्त वाटणाऱ्या या गाडीचा स्वभाव असा डोंगरवाटांवर घडला होता.

हाच स्वभाव तिला भारतात घेऊन आला. सीमावर्ती गस्तीसाठी टिकाऊ मोटारसायकल शोधणाऱ्या भारतीय सैन्याने १९५२ मध्ये मद्रास मोटर्सकडे ३५० सीसी बुलेटची मागणी नोंदवली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्स व रेडिचच्या कंपनीच्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली. प्रारंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे जोडले जात, परंतु १९६२ पर्यंत संपूर्ण गाडी भारतात बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७० मध्ये इंग्लंडमधील उत्पादन संपले, तेव्हा ट्रायल्सच्या मुशीतून निघालेल्या या यंत्राचे घर भारत हेच उरले.

बाहेरचे यंत्र भारतात रुजण्याची अशीच गोष्ट छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीचीही आहे आणि तिच्या इतिहासातही १९५५ हेच निर्णायक वर्ष आहे, कारण त्या वर्षीच्या २ फेब्रुवारीला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. बाहेरून आलेले यंत्र समजून घेऊन ते स्वतःच्या हातांनी चालते ठेवणे, हे त्या पिढीचे मोठे काम होते, आणि मोटारसायकलींच्या बाबतीतही तेच घडले. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचे उत्पादन सुरू केले, तर एस्कॉर्ट्सने पोलंडच्या ‘एसएचएल एम ११’ या गाडीवर आधारलेली १७५ सीसीची राजदूत बाजारात आणली. बुलेट, जावा आणि राजदूत या तीन घराण्यांवर भारतीय मेकॅनिकांच्या पुढच्या दोन पिढ्या घडल्या.

जगात मात्र याच काळात ट्रायल्सच्या गाडीचे रूप पालटले. एरियलच्या ५०० सीसी फोर-स्ट्रोक गाडीवर वर्चस्व गाजवणारे सॅमी मिलर स्पेनच्या बुल्ताको कंपनीकडे गेले आणि १९६५ मध्ये ‘शेर्पा टी’ या २४४ सीसीच्या, शंभर किलोंहूनही हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर त्यांनी स्कॉटिश स्पर्धा जिंकली. दीडशे किलोंच्या घरातील गाडीला सेक्शनमधून रेटत नेण्याचे कौशल्य त्यानंतर मागे पडले आणि हलक्या गाडीला शरीराच्या तोलाने वळवण्याचे, उचलण्याचे कौशल्य पुढे आले. १९७५ मध्ये जागतिक अजिंक्यपद सुरू झाले आणि त्याचे पहिले विजेते मार्टिन लॅम्पकिन हेही बुल्ताकोवरच स्वार होते. आजची स्पर्धेची गाडी सत्तर किलोंच्या आसपास असते आणि तिला बसण्याजोगे आसनही नसते. भारतात हे परिवर्तन पोहोचले नाही. येथे मोटोक्रॉस, सुपरक्रॉस आणि रॅली यांना व्यासपीठ लाभले, पुण्या-नाशिकच्या प्रेक्षकांनी मातीच्या धावपट्टीवरील उड्याही पाहिल्या, परंतु संथ चालीची ही कसोटी बाजूलाच राहिली. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० ही ९८ सीसीची, सुमारे शंभर किलोंची टू-स्ट्रोक गाडी वजनाने शेर्पाच्या कुळाजवळ जाणारी होती, पण तिची कीर्ती झाली ती वेगासाठी.

भारतीय गाडी ट्रायल्सजोगी करणे म्हणजे काय, हे समजून घेतले म्हणजे या परंपरेचे मर्म स्पष्ट होते. पहिला बदल साखळीच्या दातेरी चाकांचा, म्हणजे स्प्रॉकेटांचा असतो. पुढे १५ व मागे ४५ दाते असतील तर प्रमाण एकास तीन होते. ते पुढे १३ व मागे ५२ केले तर एकास चार होते, आणि इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडीचा वेग एक चतुर्थांशाने घटून चाकाला मिळणारा पीळ एक तृतीयांशाने वाढतो. फ्लायव्हीलमध्ये साठणारी ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे फेऱ्या निम्म्या झाल्या की ती एक चतुर्थांशच उरते. म्हणून शर्यतीची गाडी करणारे कारागीर जेथे फ्लायव्हील छिलून हलके करतात, तेथे ट्रायल्सचे कारागीर त्यावर वजनाचे कडे चढवतात. कार्बोरेटरही लहान तोंडाचा निवडतात, कारण अरुंद वाटेतून हवा वेगाने गेल्याने कमी फेऱ्यांतही पेट्रोलचा फवारा नीट मिसळतो.

दुसरा बदल स्वाराच्या उभे राहण्याचा. ट्रायल्समध्ये स्वार जवळपास पूर्ण वेळ फूटरेस्टवर उभा असल्याने फूटरेस्ट थोडे मागे आणि खाली घेतात, हँडल रुंद व उंच करतात आणि सीट इतके उतरवतात की गुडघे मोकळे हलावेत. सायलेन्सर व बेंड पाइप दगड आणि पाण्यापासून वाचवण्यासाठी वर उचलतात. बुलेटच्या चेसिसमध्ये इंजिनाखालून जाणारी नळी नसून इंजिन स्वतःच सांगाड्याचा दुवा असते, म्हणून त्याच्या पोटाखाली जाड धातूची संरक्षक पट्टी बसवणे अपरिहार्य ठरते.

तिसरा आणि सर्वांत नाजूक विषय टायरांचा. रस्त्यावर २५ ते ३० पौंड हवा भरली जाते, तर ट्रायल्सच्या हलक्या गाडीत ती पाच पौंडांच्या आसपास ठेवतात, ज्यामुळे टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो. एवढ्या कमी हवेत टायर रिमवरून सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटू नये म्हणून टायरची कड रिमला आवळून धरणारा बोल्ट बसवावा लागतो. मातीप्रमाणे ही गणिते बदलतात. उदाहरणार्थ, छत्तीसगडचा शेतकरी आपल्या मातीला कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा अशी नावे देतो. काळी चिकट कन्हार पावसाळ्यात टायरच्या खाचांत आणि मडगार्डखाली थापून बसते, म्हणून मडगार्ड उंच बांधावे लागते. भाठ्याच्या मुरमाड उतारावर सुटे खडे चाकाखालून घरंगळतात, म्हणून तेथे थ्रॉटल हळुवार ठेवावा लागतो.

देखभालीचा विचारही याच भूमीतून करावा लागतो. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या टेकड्यांची लाल धूळ कठीण कणांची असते आणि ती एअर फिल्टरमधून आत शिरली तर पिस्टन व सिलिंडरच्या भिंती झिजवते. फोमचा फिल्टर प्रत्येक वापरानंतर धुऊन, वाळवून, ऑइलमध्ये भिजवून पिळणे आणि त्याच्या कडेला ग्रीसची रेघ देणे, ही म्हणूनच पहिली शिस्त ठरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा चालण्याच्या वेगात हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही, ऑइल पातळ होऊन लवकर निकामी होते आणि ते बदलण्याचे अंतर कमी करावे लागते. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइल जळत असल्याने संथ चालवण्याने प्लगवर आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेत काजळी साचते. ती वेळोवेळी खरवडली नाही तर गाडी गुदमरते. ओढा ओलांडल्यावर ब्रेक ड्रम व चाकांचे बेअरिंग उघडून पाहणे, स्पोक एकसारखे कसणे, स्विंग आर्मच्या बुशमधील खेळ तपासणे आणि क्लचची केबल ऑइलने मोकळी ठेवणे, ही कामे दिखाऊ नसली तरी सेक्शनमधील एकेक दंडगुण त्यांवर अवलंबून असतो. असे बदल केलेली गाडी बंदिस्त मैदानापुरतीच ठेवणे मात्र आवश्यक आहे, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करता येत नाही.

रॉयल एनफिल्डने मार्च २०१९ मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ या नावाने ३५० व ५०० सीसीच्या दोन गाड्या आणल्या, तेव्हा या वंशावळीची जाहीर आठवण झाली. वर उचललेला सायलेन्सर आणि एकच सीट ही जॉनी ब्रिटन यांच्या काळाची चिन्हे त्यांत होती, पण १८० किलोंहून अधिक वजनाची ती गाडी मुख्यतः रस्त्यासाठीच होती, आणि २०२० मध्ये नवे उत्सर्जन निकष लागू होण्याच्या सुमारास ती बंद झाली. रूप परत आणता आले, परंतु त्या रूपाला अर्थ देणारा खेळ शेजारी नसल्याने ते सजावटीपलीकडे जाऊ शकले नाही.

या सात दशकांचा हिशेब मांडताना एक गोष्ट ठळक होते. ट्रायल्सची गाडी भारतात आली, टिकली आणि तिला जगवण्याची विद्या येथील कारागिरांनी आत्मसात केली. टॅपेट कानाने जुळवणारा आणि क्लचच्या प्लेटा बोटांनी पारखणारा मेकॅनिक त्या विद्येचा वारसदार आहे. ज्या खेळासाठी ती विद्या जन्मली, त्याला मोठा ट्रॅक, महागडे इंजिन किंवा प्रचंड वेग यांपैकी काहीच लागत नाही. एखादी मुरमाड टेकडी, कोरडा नाला, नियम जाणणारा निरीक्षक आणि नीट राखलेली हलकी गाडी एवढे पुरते. भिलाईच्या लाईट इंडस्ट्रियल एरियासारख्या वसाहतींत लेथ, वेल्डिंग आणि पत्राकाम यांची कमतरता नाही, आणि तेथील तरुणांच्या हातांना धातूची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. अशा गावांनी या खेळाची सुरुवात केली, तर देखभालीला दुय्यम श्रम समजण्याची आपली सवय मोडेल आणि यंत्र जपणाऱ्या हातांना स्पर्धेत स्वाराइतकाच मान मिळेल.