नर्सरीची वही भरली, पण मूल बोलतं का?

जून आला की पहिलीच्या प्रवेशाला येणाऱ्या अम्मी लोकांची एक काळजी ठरलेली असते. "टीचर, याला अजून नीट लिहिता येत नाही, चालेल ना?" मागे एका आईने मुलाच्या नर्सरीची जुनी वहीच सोबत आणली होती. साडेतीन वर्षांचा असताना त्याने पानंच्या पानं एकच इंग्रजी अक्षर गिरवलेलं. बाजूला लाल पेनाच्या फुल्या. घरात उर्दू, नर्सरीत इंग्रजी, आणि फीसाठी अब्बू ओव्हरटाइम करत होते. मुलगा मात्र माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नाव विचारलं तर आईच्या ओढणीआड गेला.

लहान वयातल्या शिक्षणावर जगात बरंच संशोधन झालंय. त्यातलं एक मला बीएडला परीक्षेपुरतं पाठ होतं, त्याचा अर्थ वर्गात उभी राहिल्यावर कळला. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. १२३ मुलं, सगळी गरीब कृष्णवर्णीय घरांतली, वय तीन-चार वर्षं. डेव्हिड वायकार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे दोन गट केले, तेही नाणेफेक करून. ५८ मुलांना बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही.

नाणेफेक कशाला? आईबापांनी स्वतः निवड केली असती तर जागरूक घरांतली मुलंच बालवाडीत गेली असती. मग पुढे ती हुशार निघाली, तर ते बालवाडीमुळे की घरामुळे, हे कळणार कसं? आपल्याकडे "अमुक शाळेची मुलं बघा किती पुढे गेली" असं म्हणतो तेव्हा नेमकी हीच गफलत होते.

सुरुवातीला बालवाडीतल्या मुलांचा बुद्ध्यांक झपाट्याने वाढला. पण सात-आठ वर्षांची होईपर्यंत दोन्ही गट जवळपास सारखे झाले. प्रयोग तिथेच थांबला असता तर पैसा वाया गेला असंच सगळे म्हणाले असते. संशोधकांनी मात्र त्या मुलांचा माग सोडला नाही, चाळिशीपर्यंत ठेवला. बालवाडीतल्यांपैकी ६५ टक्के हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडले, दुसऱ्या गटात ४५ टक्के. मुलींमध्ये तर ८४ विरुद्ध ३२. (मुलींच्या तालीमवर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.) चाळिसाव्या वर्षी नोकरीत ७६ विरुद्ध ६२ टक्के. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले ३६ विरुद्ध ५५.

म्हणजे परीक्षेत दिसणारा फायदा विरला, आयुष्यात दिसणारा टिकला. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हे आकडे पुन्हा तपासले. टिकलं ते चिकाटी, स्वतःवर ताबा, लोकांत मिसळणं, असं त्यांचं म्हणणं.

आता १२३ मुलं म्हणजे आमच्या शाळेचे दोन-तीन वर्ग. एवढ्यावरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही. टेनेसी राज्यात जवळपास ३,००० मुलांचा असाच अभ्यास झाला. त्याचा २०२२ चा निकाल उलटा आला: सरकारी बालवाडीत गेलेली मुलं सहावीत चाचण्यांमध्ये मागे पडली, शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. तेव्हा फक्त बालवाडीत नाव घातलं म्हणजे झालं, असं नाही. आत काय चालतं ते बघावं लागतं.

पेरीत काय चालायचं? रोज सकाळी अडीच तास. साधारण सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका. मूल स्वतः खेळ निवडायचं, बाई त्याच्याशी बोलायच्या, विचारायच्या. शिवाय आठवड्यातून एकदा बाई दीड तास मुलाच्या घरी, आईसोबत. हे आपल्याला परकं वाटू नये. आपल्या पालघरकडच्या बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी आदिवासींच्या अंगणात नेली होती. आज मोहल्ल्यातल्या अंगणवाडीकडे आपण खिचडी आणि लसीपुरतं बघतो. तिथली सेविका घरी येते तेव्हा तिला दारातूनच परत पाठवतो.

आपल्या देशातही राजस्थान, तेलंगणा आणि आसामात हजारो मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. खासगी नर्सऱ्यांत लिहिणं-वाचणं-आकडे यांचा मारा वयाच्या आधीच होतो आणि पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांची शाळेसाठीची तयारी कच्चीच राहते, हे त्यातही दिसलं.

म्हणून नर्सरी बघायला जाल तेव्हा वह्या मागू नका. अर्धा तास बसा. मुलं बोलतायत की फक्त मागून म्हणतायत? बाईंना त्यांची घरची भाषा थोडी तरी कळते का? रडणाऱ्या पोराला कोण उचलतं? एका बाईंच्या वाट्याला किती मुलं आहेत तेही मोजा.

त्या आईने शेवटी विचारलं, "मग मी याच्याशी घरी इंग्रजीत बोलू का?" तिला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं. मी म्हटलं, उर्दूतच बोला, भरपूर बोला. बाजारातून आल्यावर काय काय आणलं ते त्यालाच सांगू द्या, दादीकडून किस्से ऐकू द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्यांच्या बकरीला दोन पिल्लं झाल्याची बातमी अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत, पुरी पाच मिनिटं सांगत होता.