पालीची शेपटी आणि तुटलेले मज्जातंतू

पालीची शेपटी पुन्हा वाढते, म्हणजे तिच्यातले तुटलेले मज्जातंतू पुन्हा एकमेकांना जोडले जातात, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. मज्जातंतू तुटला की मूळ चेतापेशीपासून अलग झालेला भाग विघटित होतो. या क्रियेचे (वॉलरीय ऱ्हास) वर्णन ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या अभ्यासातून केले. चेतापेशीशी जोडलेल्या टोकाला मात्र नवे धुमारे फुटतात. वेल मध्येच कापला तर शेंड्याकडचा भाग सुकतो आणि मुळाकडून नवी फूट येते, तसेच हे.

पालीची शेपटी मणक्यातल्या ठरावीक कमकुवत जागी तुटते. नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) नळी तयार होते. तिच्यात मेरुरज्जू (कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा दोर) वाढतो, पण त्यात नव्या चेतापेशी जवळजवळ नसतात. नव्या स्नायूंना आणि त्वचेला मज्जातंतू मिळतात ते तुटल्या जागेच्या अलीकडे शाबूत राहिलेल्या चेतापेशींकडूनच. म्हणून नवी शेपटी हलते, तिला स्पर्शही कळतो. पण ती मूळ शेपटीची हुबेहूब प्रत नसते. मणके नसल्यामुळे तिच्यात तुटण्याच्या त्या ठरावीक जागाही नसतात.