शेंदराखालचा माणूस

गावाच्या वेशीवर किंवा पडक्या शिवमंदिरामागे उभे असलेले कोरीव दगड म्हणजे कुणीतरी ग्रामदेव, किंवा पांडवांनी एका रात्रीत घडवलेल्या शिळा, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. काही ठिकाणी ते थेट शिवकाळाला जोडले जातात. खरे तर हे वीरगळ आहेत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड. हे नाव कन्नडमधून आले. ‘कल्लु’ म्हणजे दगड. महाराष्ट्रातले पुष्कळ वीरगळ शिलाहार-यादव काळातले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या कितीतरी शतके आधीचे आहेत. ते खालून वर वाचायचे असतात. तळाच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो, तिच्या वर अप्सरा त्याला नेत असतात, त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. खालच्या चौकटीत पुष्कळदा गायी असतात, आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण हीच. गोधन पळवायला आलेल्या टोळीशी झुंजताना हा माणूस मेला. ताम्रपटांना राजाची वंशावळ आणि दान दिलेली जमीन नोंदवायची असे. गुरांपायी जीव देणाऱ्याला तिथे जागा नव्हती.

दुसरा समज शिकलेल्यांमध्ये जास्त आढळतो: ज्यावर लेख नाही तो दगड इतिहासाच्या उपयोगाचा नाही. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मुके आहेत, हे खरे. पण कर्नाटकातल्या पुष्कळ वीरगळांवर लेख आहेत, आणि गोधनाच्या लुटीसाठी त्यांत ‘तुरुगोळ’ असा खास शब्दच येतो. तिथले चित्र लेखाने पक्के होते, म्हणून इकडचे तेच चित्र ओळखता येते. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर गावातल्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि समुद्रातली लढाई कोरलेली आहे. पुष्कळ अभ्यासक ती यादव राजा महादेव आणि शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातल्या, सुमारे १२६५च्या संघर्षाशी जोडतात. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. तर्क चुकला तरी जहाजे मात्र उरतातच. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या राजप्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे येते. वल्ही मारणारे हात दिसतात ते फक्त दगडावर.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असा दगड घडवायला पैसा आणि पाथरवट लागे, मग ही सामान्यांची आठवण कशी? सगळ्यांची नाहीच. ज्याच्या मागे कुटुंब, जात किंवा गाव उभे राहिले, त्याचाच दगड झाला. शिवाय दगड जे सांगतो ते तो उभारणाऱ्यांच्या बाजूने. सती गेलेल्या बाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो. त्या हातावरून बाईचे सौभाग्य आणि तिचे जळणे कळते. ती आपणहून गेली की ढकलली गेली, हे त्या हाताला विचारता येत नाही, आणि म्हणून त्याचा गौरव तसाच्या तसा इतिहास म्हणून स्वीकारणे मला मान्य नाही. हे दगड वाचायचे ते साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे. त्यासाठी आधी ते जागेवर टिकायला हवेत. पायरीला लावलेला, सिमेंटमध्ये चिणलेला किंवा तैलरंगाने लिंपलेला वीरगळ तळाच्या चौकटीतल्या गायी आपल्याला दाखवू शकत नाही.